मागून घेतलेला लाल दिवा

जळगावहून धुळ्याला एस.टी.ने दोन-अडीच तास लागतात. तिथल्या एका स्पर्धेला पोहोचायला मला सेहेचाळीस वर्षं लागली. आणि एवढ्या उशिरा पोहोचले तर दारात एक मुलगी गुलाबाचं फूल घेऊन उभी! त्या फुलापासून जो राग चढला तो परत येऊन चार दिवस झाले तरी उतरलेला नाही. तो आहे तोवरच लिहून काढते. राग उतरला की मी फार समजूतदार होते, आणि समजूतदार म्हाताऱ्यांचं लिहिलेलं वाचायला कुणाला आवडतं?

जळगाव, शुक्रवार

ज्यांनी डेडलिफ्ट पाहिली नाही त्यांना आधी सांगते. जमिनीवर लोखंडी दांडा असतो, दोन्ही टोकांना प्लेटा. वाकायचं, दांडा धरायचा आणि ताठ उभं राहायचं. गुडघे सरळ, खांदे मागे. समोर बसलेले मुख्य पंच हात खाली करून आवाज देतात, त्यानंतरच दांडा जमिनीला टेकवायचा. तीन पंच, तीन दिवे. पांढरा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. दोन पांढरे लागले की लिफ्ट तुमची. प्रत्येकीला तीन संधी. झालं. हे समजायला आमच्या घरच्यांना दोन वर्षं लागली.

मी सहासष्ट वर्षांची आहे. मेहरूण तलावाजवळ राहते. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, बादलीसुद्धा उचलू नका. मी वर्षभर बादली उचलली नाही. सून भरलेली बादली न्हाणीत आणून ठेवायची आणि मी राणीसारखी मगाने पाणी घ्यायची. एवढं करून त्याच न्हाणीत पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मनगटाचा व्यायाम शिकवायला एक तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, उचलू नका असं कोण म्हणालं? उचला. हळूहळू वाढवत उचला." मला वर्षभरातली एकेक बादली आठवली. लोक जिमला तब्येतीसाठी जातात, कुणी बारीक व्हायला जातं. मी संतापून गेले.

तलावाच्या रस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर काजल बायकांची सकाळची बॅच घेते. सत्तावीस वर्षांची आहे, स्वतः लिफ्टर होती, खांदा दुखावल्यावर शिकवायला लागली. पहिल्या दिवशी तिने मला नुसता दांडा दिला. मी म्हटलं, "यावर काही लावत नाहीस?" ती म्हणाली, "अक्का, हाच वीस किलो आहे." मी उचलला. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीतून उठवायला सून आणि मुलगा दोघं लागले.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा. दांडा नडगीला घासत वर आणायचा असतो, त्यामुळे नडग्यांवर ओरखडे उठतात. सुनेला वाटायचं मी रोज कुठेतरी पडते आणि सांगत नाही. मग लांब मोजे आले. तळहातांना घट्टे आले. काजल शब्द मराठीत देते: "धरा", "छाती वर", "उचला", आणि ताठ झालं की क्षणभर थांबवून, "खाली". ती "खाली" म्हणेपर्यंत दांडा सोडायचा नाही. मी एकदा आधीच सोडला तर म्हणाली, "घरात तुमचं चालत असेल, इथं नाही." मला इतकं बरं वाटलं! साठीनंतर मला पहिल्यांदाच कुणीतरी रागावलं होतं.

धुळ्याला आमच्या विभागाची निवड स्पर्धा होती. साठीपुढच्या बायकांत त्रेसष्ट किलोपर्यंतचा गट. त्यात ऐंशी किलो उचलले की राज्य स्पर्धेला जायचं. गटात मी एकटीच होते, म्हणजे सुवर्णपदक मेहरूणमधून निघतानाच माझं होतं. त्या पदकाचं मला काही नव्हतं. मला ऐंशी पाहिजे होते. काजलला माझ्याहून जास्त पाहिजे होते. तिच्या हाताखालून अजून कुणी राज्याला गेलेलं नाही, आणि चौकातल्या मोठ्या जिमचे लोक तिला "झुंबावाली मॅडम" म्हणतात.

अडचण एकच. शुक्रवारी सकाळी काट्यावर मी त्रेसष्ट किलो सहाशे ग्रॅम भरले. शनिवारी सकाळपर्यंत हे सहाशे ग्रॅम कुठेतरी टाकायचे होते. आणि मुक्काम नणंदेकडे! खानदेशात पाहुणी म्हणून जाऊन वजन कमी करून परतलेली बाई मी तरी पाहिलेली नाही.

रस्ता

कंडक्टर म्हणाला, "आजी, अर्धं." मी म्हटलं, "काय अर्धं?" "तिकीट." सरकारचे आभार, पण त्या सकाळी मला कुणी अर्धं म्हटलेलं चालणार नव्हतं. काजलने पैसे देऊन विषय मिटवला.

गिरणेचा पूल ओलांडला आणि मला माझं विसावं वर्ष आठवलं. त्या मुलीवर माझा जुना राग आहे, म्हणून तिची हकीकत जरा सविस्तर सांगते.

ही मुलगी कॉलेजात होती. जिमखान्यात मुलांनी गंमत म्हणून तिला दांडा उचलायला लावला आणि तिने उचलला. मुलांची गंमत तिथेच संपली. सरांनी तिचं नाव धुळ्याच्या स्पर्धेसाठी लिहिलं. आमचे आबा, म्हणजे वडील, कापसाच्या जिनात कामाला होते, गठाणीकडे नुसतं बघून वजन सांगायचे. त्यांनी एका झटक्यात कागदावर सही केली. वर म्हणाले, "जाय, धुळं पाहून ये."

पण त्याच महिन्यात तिला धुळ्याचंच स्थळ आलेलं. मुलाकडे पाठवलेल्या कागदावर आईने वजन लिहिलं होतं एकोणपन्नास किलो. ही बया होती अठ्ठावन्न! आणि स्पर्धेत नाव पुकारतात ते गटासकट, लाऊडस्पीकरवरून. मुलाकडचं कुणी तिथे असलं तर? नऊ किलोंची लबाडी भर मैदानात जाहीर! म्हणून आदल्या दिवशी ही डोकं दुखतं म्हणून पांघरूण घेऊन पडली. आईने कपाळाला सुंठ उगाळून लावली. तिने डोळे मिटून कण्हून दाखवलं. कण्हणं एवढं झकास होतं की तिला नाटकात घ्यायला हवी होती.

लग्न त्याच मुलाशी झालं, नोकरी मात्र त्यांना जळगावात लागली. त्यांनी जन्मात माझं वजन विचारलं नाही. लग्नानंतरही बाईचे चाळे चालूच. गॅसची टाकी तिला एका हाताने सरकवता यायची, पण ती दाराशी उभी राहून नाजूक आवाजात "अहो" म्हणायची. आणि आमचे हे, स्वतः जेमतेम बावन्न किलो, कमरेत उसण भरेपर्यंत ती टाकी ओढायचे.

हे सगळं एक वेळ माफ आहे. माफ नाही ते पुढचं. पुढे जन्मभर तिने सांगितलं, "आमच्या वेळी कुठे सोडायचे मुलींना? आबांनी पाठवलं नाही." हळदीकुंकवात सांगितलं, नातीला सांगितलं, काजलच्या जिममध्ये तर टाळ्या मिळवल्या यावर. आबा जाऊन वीस वर्षं झाली आणि मी अजून माझी डोकेदुखी त्यांच्या नावावर खपवत होते.

त्या दिवशी बसमध्ये काजलला पहिल्यांदा खरं सांगितलं. ती खिडकीकडून माझ्याकडे वळली.

"म्हणजे अक्का, तुम्ही वजनाला घाबरलात?"

"उचलायच्या नाही. स्वतःच्या."

"आणि आबांचं नाव घेत होतात!"

"हो."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. परत खिडकीकडे वळली.

पारोळ्याला गाडी थांबली. खाली कढईत भजी, शेजारी हिरव्या मिरच्या, आणि रस्त्याकडेला हरभऱ्याचे ढाळे विकायला बसलेल्या बायका. शेतांमधून कापूस निघून गेलेला, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. थंडी अशी की भज्यांची वाफ खिडकीपर्यंत येत होती. काजल भज्यांची पुडी घेऊन चढली, माझ्याकडे बघितलं, परत उतरली आणि गाडीमागे उभी राहून खाऊन आली. तोंड पुसून आली, पण मिरचीचा वास कुठे लपतो? फागण्यापर्यंत मी त्या वासावर काढलं.

देवपूर, शुक्रवार संध्याकाळ

धाकटी नणंद विमल पांझरा नदीपलीकडे देवपुरात राहते. दारातच म्हणाली, "वहिनी, किती वाळलात!" हे ऐकायला काट्याला कान असते तर!

मग ताट आलं. शेवभाजीवर बोटभर तेलाचा तवंग, मिरचीचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा. आणि विमलने माझ्यासाठी दुपारभर खपून खापरावर केलेले पुरणाचे मांडे. मांडा म्हणजे रुमालासारखा पातळ, हातावर फिरवून फिरवून मोठा केलेला. शहरात आता कोण करतं? जळगावात विकत आणतात आणि घरी केले म्हणून सांगतात. मी म्हटलं, "विमल, उद्या सकाळी वजन आहे. परतताना खाते."

"परतताना शिळे होतील."

"मग पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी कोण जाणे आपण असू की नसू!" झालं. आता मांड्याला मरण जोडलं गेलं.

विमलचे यजमान, सगळे त्यांना नाना म्हणतात, शिंदखेड्याकडच्या खेड्यातले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वहिनी, हाई काय शे? आमना घरना मांडा चालत नही का तुमले?"

"चालतो हो नाना. वजनाला चालत नाही."

"ह्या वयमा वजन कोण दखस?"

"सरकारी काटा बघतो."

विमलने मांडा मोडला आणि अर्धा माझ्या ताटात ठेवला. "एवढा तर घ्या. अर्धाच. घ्या की! माझ्यासाठी." हा आग्रह म्हणजे एक प्रकारची दमदाटीच आहे. नाही म्हणणाऱ्याचा घास घशात कोंबायचा आणि वर त्यालाच आभार मानायला लावायचे. मी दात ओठ खात तो अर्धा मांडा खाल्ला. दात ओठ खाऊनही तो अप्रतिम लागला, हा आणखी एक राग. मग गच्चीचे जिने चढले-उतरले, वीस वेळा. गच्चीवर काजलने माझा लिफ्टिंगचा अंगाबरोबरचा पोशाख वाळत टाकला होता. विमलने तो खाली आणून हातात धरून विचारलं, "वहिनी, हे कुणाचं? नातीचं?"

"माझं."

नाना दुसऱ्या खोलीत गेले.

शनिवार, काटा

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. गेटवर ती फूलवाली. माझ्या स्वेटरला गुलाब टोचून म्हणाली, "आजी, सत्कारमूर्ती पुढच्या रांगेत."

काजलने यादी मागितली. स्पर्धकांच्या यादीत मी नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत होते: दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग "ज्येष्ठ क्रीडाप्रेमी आजींचा सत्कार". क्रीडाप्रेमी! दोन वर्षं नडग्या सोलून घेतल्या आणि मी प्रेमी!

आयोजकांना सगळे भाऊ म्हणत होते. पांढरे बूट, छातीवर बिल्ला. मनाने वाईट नव्हते, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाले, "आजी, तुमचा फॉर्म आला, मी जन्मवर्ष पाहिलं. साठीपुढच्या गटात आजवर कुणी आलेलंच नाही, म्हटलं नातीऐवजी चुकून स्वतःचं लिहिलं असेल. मग कळलं की तुम्ही खरंच जिमला जाता! म्हटलं, यांचा तर सत्कारच केला पाहिजे. शाल खास मागवली आहे."

"भाऊ, मी उचलायला आलेय."

"उचला ना! सत्कार झाल्यावर एक रिकामा दांडा उचलून दाखवा. फोटो छान येईल."

"ऐंशी किलो."

"आजी, काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"मी पडले तर तुमच्या अंगावर नाही पडणार. लांब उभे राहा."

ते हसले आणि पाहुणे आले म्हणून निघून गेले.

मुलींची वजनं एका वर्गात घेत होते, दार लावून. काट्याजवळ मुख्य पंच बाई, पन्नाशीच्या, जाड चष्मा, बाहेरगावच्या. त्या म्हणाल्या, "यादीत नाव असेल तर मी कुणाचंही वजन घेते. भाऊंनी सही करून नाव चढवलं तर घेईन. साडेआठला काटा बंद." घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. भाऊ फोन उचलेनात.

मी काट्यावर जाऊन बसले.

उभी नाही, बसले. मांडी घालून. स्वेटर, गुलाब, सगळ्यासकट. आकडा लाल अक्षरांत लुकलुकत राहिला. पंच बाई म्हणाल्या, "उतरा."

"नाव चढलं की उतरते."

मागे टॉवेल गुंडाळून पंधरा-सोळा मुली उभ्या, कालपासून पोटात काही नाही, कुणी थंडीने कुडकुडतेय. वजन झाल्याशिवाय त्यांना पाणीही पिता येईना. दोंडाईच्याची एक होती, वीसेक वर्षांची, माझ्या कमरेएवढी तिची मांडी. ती खेकसली, "आजी, उठा ना वं! आम्ही बठ्ठ्या कालपासून उपाशी शेतस!"

"मीसुद्धा उपाशी आहे गं. अर्धा मांडा सोडला तर."

"तुमी तर सत्कारवाल्या ना?"

"मी त्रेसष्ट किलोवाली आहे. माझा फॉर्म भरलेला आहे. यांनी मला उचलून शालीत गुंडाळलं."

तिने दोन क्षण माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे, तळहातांवरच्या घट्ट्यांकडे. तिच्याही तळहातांवर तेच होते. ती वळली, दार बोटभर उघडलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशी ओरडली, "भाऊ! ओ भाऊ! आजीनं नाव धाडा! एक वजन लेवाले कितला येळ लागस? नहीतर आम्ही बठ्ठ्या आश्याच बाहेर येतस!"

आश्याच म्हणजे टॉवेलात. पाहुण्यांच्या स्वागताला शाळेचे मुख्याध्यापक, दोन पुढारी आणि एक फोटोग्राफर उभे होते. सही केलेला कागद दाराच्या फटीतून मिनिटाच्या आत आला. आमच्या खानदेशात कागदाचं काम इतक्या वेगाने झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

स्वेटर, गुलाब, सगळं उतरवून मी काट्यावर उभी राहिले. बासष्ट किलो नऊशे. पंच बाईंनी चेहऱ्यावर काही न दाखवता आकडा मोठ्याने वाचला आणि टेबलाशी बसलेल्या बाईंनी तो लिहून घेतला. विसाव्या वर्षी ज्याला घाबरून पांघरुणात शिरले होते ते एवढंच होतं. एक बाई आकडा वाचते, दुसरी लिहून घेते.

शनिवार, प्लॅटफॉर्म

सत्काराला मी गेले नाही. म्हणून भाऊ सत्कार घेऊन माझ्याकडे आले. मी मागे सराव करत होते, हाताला चॉकची पावडर. तिथेच त्यांनी माझ्या उघड्या खांद्यांवर शाल टाकली, फोटोग्राफरने फोटो काढला. मी त्या शालीला दोन्ही हात पुसले. तपकिरी शालीवर दोन पांढरे पंजे उठले. सून आता ती शाल धुवायची म्हणते, मी धुऊ देत नाही.

पहिली लिफ्ट सत्तर किलो. तीन पांढरे. सहज.

दुसरी ऐंशी. काजल कानाशी म्हणाली, "अक्का, हीच." मी दांड्यापाशी गेले. हॉलमध्ये आजी-आजी सुरू झालेलं. समोरच्या रांगेतले लोक मोबाईल उंच धरून उभे राहिले होते. मी ते काहीच पाहत नव्हते. धरलं, छाती वर, उचललं. जड होतं, पण आलं. ताठ झाले. मुख्य पंच बाईंचा हात अजून वरच होता. तेवढ्यात माईकवाला ओरडला:

"ओ समोरचे मोबाईलवाले, खाली बसा! खाली!"

आणि मी दांडा खाली ठेवला.

ठेवता ठेवताच कळलं. दोन वर्षं कानात घेतलेला शब्द! तो कुणी, कुणाला म्हटला हे हातांनी विचारलंच नाही.

मी दिव्यांकडे पाहिलं. मधला लाल. पंच बाईंचा. डावा पांढरा. उजवा पांढरा.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. माईकवर, "ऐंशी किलो! आपल्या आजी राज्य स्पर्धेला!" काजलने मला मिठी मारली. ती रडत होती. मी तिच्या खांद्यावरून ते दोन पांढरे दिवे बघत होते. बाजूच्या पंचांनी ते आंधळेपणाने दिले नव्हते. आजी म्हणून दिले होते. ही तीच शाल होती, फक्त दिव्याची.

मी काजलला बाजूला करून पंचांच्या टेबलाशी गेले. "ही लिफ्ट खोटी आहे. मी हाताच्या आधी ठेवलं."

भाऊ धावत आले. "आजी, दिलं ना पंचांनी! तुम्ही कशाला नाही म्हणता? घ्या की!"

"घ्या की." आवाजसुद्धा विमलचाच. काल रात्री अर्धा मांडा गिळला होता. हे ऐंशी किलो गिळवेनात.

"मला लाल पाहिजे," मी म्हटलं.

माईकवाल्याने ते ऐकलं. "मंडळी, आजींना लाल दिवा पाहिजे! लाल दिव्याची गाडी!" हॉल हसला. त्या हसण्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतात.

पंच बाई उठल्या. दोन्ही बाजूच्या पंचांना जवळ बोलावलं. "मी सिग्नल दिला होता?" डावे स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. उजवे म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मी टाळ्या वाजवत होतो." बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. दोन्ही दिवे लाल झाले. मग माझ्याकडे बघून, आवाजात काहीही न आणता, म्हणाल्या, "तिसरा आकडा सांगा. एक मिनिट आहे."

काजलचा चेहरा पांढरा पडला होता. "अक्का, काय केलंत हे?"

"ऐंशी लिही."

"आपण गेलो होतो! आपण गेलो होतो, अक्का!"

"ऐंशी लिही, काजल."

तिने लिहिलं. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

तिसऱ्या वेळी हॉल गप्प होता. माईकवालाही. मी धरलं, छाती वर, उचललं. गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथे अडकलं. किती वेळ कोण जाणे. मग सरकलं, इंच इंच वर आलं. मांड्या थरथरत होत्या. उभी राहिले. माझ्या लेखी ताठ उभी राहिले. हाताची वाट पाहिली. हात खाली आला, "डाऊन". मी ठेवलं, नीट, आवाज न करता.

लाल. लाल. एक पांढरा, टाळ्यांवाल्यांचा.

परत

सुवर्णपदक मिळालं, सत्तर किलोचं. ते घेतलं. ते सत्तर खरे होते. मग पंच बाईंकडे गेले. त्या फायली आवरत होत्या.

"माझं काय चुकलं?"

त्यांनी चष्मा काढला, वाकल्या आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर बोट ठेवलं. मग अंगठा आणि तर्जनी यांत करंगळीएवढं अंतर दाखवलं. "एवढा राहिला. तो लॉक होत नाही तुमचा. उजवा झाला होता."

"नक्की?"

"मी तिथेच बघत होते."

"बरं," मी म्हटलं. दिवसभरात सगळे माझ्याकडे बघत होते. गुडघा त्या एकट्याच बघत होत्या.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"गुडघ्यावर."

संध्याकाळची जळगाव गाडी खच्चून भरलेली. काजलला मागे खिडकीची जागा मिळाली, ती तोंड बाहेर करून बसली. मला तिचा राग समजत होता. आपल्या हाताखालची बाई राज्याला जावी म्हणून तिने दोन वर्षं पहाटे दार उघडलं होतं, आणि त्या बाईने हातात आलेलं परत देऊन टाकलं, तिला न विचारता. मी तिला सॉरी म्हटलं नाही. म्हणणारही नव्हते. ती सॉरी म्हणाली असती तर मीच तिच्यावर चिडले असते.

मी तिच्या बाकाशेजारी दांडा धरून उभी होते. समोरच्या बाकावरचा मफलरवाला अर्धा उठला. "आजी, बसा."

"नको."

"अहो बसा, जळगाव लांब आहे."

"नको म्हटलं ना!"

तो घाबरून बसला. फागणं गेलं, मुकटी गेली. मी डाव्या पायावर भार टाकला आणि गुडघा मागे ढकलायला लागले. धक्क्याबरोबर तो वाकायचा, मी परत ढकलायची. पारोळ्याच्या अलीकडे काजलने खिडकीतून तोंड आत घेतलं. बराच वेळ माझ्या पायाकडे नुसती बघत राहिली. कपाळाला आठ्या होत्या.

मग हात पुढे केला आणि तळवा माझ्या गुडघ्याच्या मागे दाबून धरला.

"वाकडाच आहे," ती म्हणाली. आवाज अजून चिडलेलाच. "मागे घ्या. अजून."

मी घेतला.

"अजून, अक्का."